आकडा दारावर लावा

बारामतीजवळच्या आमच्या माळेगावात एखाद्या घरच्या सुनेचं सिझर झालं की निकाल आधीच लागलेला असतो. हल्लीच्या पोरींना कामाची सवय नाही. कळा सोसवत नाहीत. आमच्या वेळी रानात काम करता करता बाळंत व्हायच्या. हे बोलण्यात बायाच पुढं असतात, याचं जास्त वाईट वाटतं. टाके तिच्या पोटावर. खोकला आला की पोट दाबून धरायचं तिनं. बाळाला पाजायला उठताना घाम फुटतो तिला. आणि वर नाजूकपणाचा ठपकाही तिच्यावरच. हे बोलणं बंद करा, कारण ते खोटं आहे. रानात बाळंत होणाऱ्या किती जणी दगावल्या, हे सांगायला त्या मागे राहिल्या नाहीत.

आता आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019 ते 2021 या काळात झाली. देशात शंभर बाळंतपणांत 21.5 सिझर. सरकारी दवाखान्यांत 14.3, खासगीत 47.4. अडलेल्या, गुंतागुंतीच्या कितीतरी बाया शेवटच्या घटकेला सरकारी रुग्णालयाकडे पाठवल्या जातात, तरीही आकडे असे. 2005-06 मध्ये देशाचा आकडा 8.5 होता. महाराष्ट्रात 2015-16 मध्ये 20.1 होता, तो पाच वर्षांत 25.4 वर गेला. पाच वर्षांत बायकांची हाडं बदलत नाहीत. बदलतं ते बाळंतपणाचं ठिकाण आणि तिथं धरला जाणारा धीर.

म्हणून आधीच सांगतो. सिझरची मोठी जोखीम बाईच्या अंगात जेवढी असते, तेवढीच ती दवाखान्याच्या ज्या दारातून आत जाते त्या दारात असते. अंगातल्या जोखमीची तपासणी होते. दारातल्या जोखमीची तपासणी कुणी करत नाही.

अंगातली जोखीम खरीच असते, ती नाकारायची नाही. वय पस्तिशीच्या पुढं. वजन फार. उंची 145 सेंटिमीटरच्या आत. रक्तदाब चढलेला, तोंडावर सूज. गरोदरपणातली साखर, आणि त्यामुळं पोटात मोठं झालेलं बाळ. बाळ पायाळू किंवा आडवं. जुळं. वार खाली सरकून पिशवीच्या तोंडावर आलेली. आणि या सगळ्यांत वजनदार कारण म्हणजे आधी झालेलं सिझर.

यातल्या बहुतेक गोष्टी कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी कळतात. घरात गरोदर बाई असेल तर तिचं माता-बाल संरक्षण कार्ड हातात घ्या. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. तपासणीनंतर कार्डावर स्टिकर लागतो. हिरवा म्हणजे जोखीम दिसत नाही, लाल म्हणजे जोखमीची. लाल स्टिकर पाहिला की घरात तोंडं उतरतात. उतरवू नका. तो स्टिकर सांगतो की या बाईचं बाळंतपण रक्ताची सोय, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर असलेल्या ठिकाणीच व्हायला हवं. लाल स्टिकरवाल्या कितीतरी बाया नीट लक्ष ठेवलं की नॉर्मल बाळंत होतात. स्टिकर पदराखाली लपवून बारक्या दवाखान्यात नेलं, तर मात्र मध्यरात्री गाडी शोधायची वेळ येते.

साखरेची तपासणी तर आणखी सोपी. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. 140 किंवा वर आकडा आला तर लगेच आहार आणि चालणं सुरू करायचं. उपाशीपोटी यायचीही गरज नाही. साखर आटोक्यात ठेवली की बाळ अवास्तव वाढत नाही आणि सिझरचं एक कारण तिथंच कमी होतं. पण 'दोन जिवांची आहेस, खा' म्हणणारी दहा माणसं भेटतात, 'चल, कालव्याच्या कडेनं फिरून येऊ' म्हणणारं एकही भेटत नाही.

काही कारणांची मुळं तर आणखी मागं जातात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथं बाळं सरासरी 2.7 किलोची भरली. दिसायला बारीक, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त. अशा बाळांना पुढं मधुमेहाची जोखीम जास्त असते. त्या पिढीतल्या मुली आता आया होत आहेत. मुलीच्या ताटात लहानपणी काय पडलं, ती किती वाढली, तिचं लग्न कितव्या वर्षी लावलं, याचा हिशेब पंधरा-वीस वर्षांनी लेबर रूममध्ये होतो. महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या शंभर बायकांत जवळपास 22 जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं आहे, हेही त्याच पाचव्या फेरीनं सांगितलं. तेव्हा नाजूक कुणी केलं, हे आपण आपल्यालाच विचारायचं.

आता दाराकडं येऊ.

आयर्लंडमध्ये काम केलेले प्रसूतितज्ज्ञ मायकेल रॉबसन यांनी 2001 मध्ये सगळ्या बाळंतिणींचे दहा गट पाडले. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तीच पद्धत जगाला सुचवली. या दहांत आपल्या दृष्टीनं कळीचे पहिले दोन गट: पहिलटकरीण, पोटात एक बाळ, डोकं खाली, दिवस भरलेले. हिच्या अंगात सिझरची मोठी जोखीम नसते. तरीही तिचं सिझर होत असेल तर का झालं, हे प्रत्येक वेळी विचारलंच पाहिजे. कारण हिचं पहिलं बाळंतपण पुढच्या सगळ्यांचं भवितव्य ठरवतं. पहिलं सिझर झालं की आपल्याकडं दुसरं जवळजवळ ठरल्यासारखंच धरतात.

आणि सिझर वाढेल तशी जोखीम वाढते. 2006 मध्ये अमेरिकेतल्या तीस हजारांवर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वार खाली असलेल्या बायकांत ती पिशवीत रुतून बसण्याचं प्रमाण पहिल्या सिझरच्या वेळी शंभरात 3 होतं, दुसऱ्याला 11, तिसऱ्याला 40. रुतलेली वार म्हणजे धो धो रक्तस्राव, आणि पुष्कळदा जीव वाचवायला पिशवीच काढावी लागते. पहिल्या वेळी वाचवलेले चार तास दहा वर्षांनी असे महाग पडतात.

आधीचं सिझर असताना पुढचं बाळंतपण नॉर्मल होऊ शकतं का? होऊ शकतं. पिशवीवरचा छेद खालचा आणि आडवा असेल, बाकी सगळं ठीक असेल, तर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या 60 ते 80 जणींना जमतं. टाका उसवण्याची जोखीम शंभरात एकीपेक्षाही कमी. पण ती जोखीम खरी आली तर मिनिटांचा प्रश्न असतो, म्हणून हे फक्त चोवीस तास थिएटर, रक्त आणि भूलतज्ज्ञ तयार असलेल्या रुग्णालयातच. बारामतीत महिला रुग्णालय आहे, सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. माळेगावहून नीरा रस्त्यानं निघालं की अर्ध्या तासाच्या आत पोचतो. तिथं जाऊन या प्रयत्नाबद्दल निदान विचारा तरी.

पहिलटकरणीच्या कळांना वेळ लागतो. पूर्वी दर तासाला पिशवीचं तोंड एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, असा दंडक होता. तो 1950 च्या दशकातल्या अभ्यासातून आला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये तो सोडून दिला. खऱ्या कळा आता पाच सेंटिमीटरपासून धरायच्या आणि तिथून पुढं पहिलटकरणीला साधारण बारा तासांपर्यंत लागू शकतात, असं संघटना सांगते. आई आणि बाळ दोघं ठणठणीत असताना निव्वळ 'तोंड उघडत नाही' एवढ्यावर पोट उघडायचं कारण नाही. आणि दोन सेंटिमीटरला दवाखान्यात भरती करून, खाटेवर आडवं पाडून, कळांचं सलाईन लावून बसवलं तर तोंड उघडायचं कसं? तिनं चालायला हवं, पाणी प्यायला हवं, आपलं माणूस जवळ हवं.

आपलं माणूस जवळ असणं हा लाड नाही, उपचार आहे. 2017 मध्ये 26 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, पंधरा हजारांवर बाया त्यात होत्या. कळांच्या काळात सतत सोबतीला कुणी असेल तर सिझरचं प्रमाण साधारण चौथाईनं कमी झालं. याला ना मशीन लागतं ना पैसा. आणि आपल्याकडं काय दिसतं? व्हरांड्यात सासूबाई, आई, आत्या, तीन पिशव्या, थर्मास, धुतलेली जुनी मऊ लुगडी. आत ती एकटी, भिंतीकडं तोंड करून. दार फटीएवढं उघडतं. सिस्टर कागद पुढं करतात. 'नाळेचे दोन वेढे आहेत, पाणीही कमी आहे, सिझर करावं लागेल, इथं सही करा.' जावई फोन कानाला लावूनच सही करतो. कुणी काही विचारत नाही, कारण विचारलं आणि बाळाला काही झालं तर?

या भीतीचा मान ठेवून सांगतो, विचारा. चार-पाच बाळांतल्या एकाच्या गळ्याभोवती जन्मताना नाळेचा वेढा असतो आणि बहुतेक सुखरूप बाहेर येतात. नुसता वेढा हे सिझरचं कारण होत नाही. म्हणून विचारायचं एवढंच: बाळाचे ठोके आत्ता किती आहेत? आई कशी आहे? थोडं थांबलं तर काय धोका आहे? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याएवढा वेळ आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि ठोके पडून राहिलेत, नाळ बाळाआधी बाहेर आली आहे, वार सुटून रक्त चाललं आहे असं उत्तर आलं, तर एक क्षणही न दवडता सही करा. तिथं सिझर हेच जीवदान आहे.

माहेरचंही बोलायला हवं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पोरीला आईचा हात मिळतो, ही रीत चांगलीच. पण सात महिने माळेगावात तपासलेली पोर आठव्यात इंदापूरला, फलटणला किंवा करमाळ्याला जाते आणि कागद कपाटात राहतात. नव्या डॉक्टरांसमोर ती अनोळखी बाई म्हणून उभी राहते. आधीची सोनोग्राफी नाही, साखरेचा रिपोर्ट नाही, तारखेचा घोळ. अनोळखी पेशंटच्या बाबतीत डॉक्टर सावध होतो आणि सावध झालेल्या डॉक्टरचा हात लवकर सिझरकडं जातो. डोहाळजेवणाच्या ओटीबरोबर तिची फाइलही तिच्या पिशवीत घाला. माहेरच्या डॉक्टरांना एकदा सातव्यातच दाखवून या. आणि बिल बापानं भरायचं, निर्णय सासरनं घ्यायचा, हा प्रकार थांबवा. अंग तिचं आहे, विचारायचं तिला.

मुहूर्त बघून सिझर करण्याबद्दल फार लिहायचं नाही. 22 जानेवारी 2024 ला अयोध्येच्या राममंदिरात प्राणप्रतिष्ठा होती, तर त्याच दिवशी सिझर करून द्या अशा मागण्या देशात ठिकठिकाणी झाल्याच्या बातम्या आल्या. 39 आठवडे भरायच्या आत, कळा सुरू व्हायच्या आधी सिझर केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. पंचांग बघून बाळाला काचेच्या पेटीत पाठवू नका.

डॉक्टरांचीही बाजू आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तालुक्याच्या गावात एकट्यानं दवाखाना चालवणारी डॉक्टरीण. पहिलटकरीण रात्रभर कळा देते, सकाळी ओपीडीत साठ बाया. भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येणार. नॉर्मलमध्ये काही बिघडलं तर नातेवाईक काचा फोडणार, सिझरमध्ये बिघडलं तर 'प्रयत्न केला' म्हणणार. 2022 मध्ये राजस्थानात लालसोटला बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं एक बाई दगावली, डॉक्टरीणबाईंवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि त्यांनी स्वतःचा जीव दिला. आपण डॉक्टरला वेळही देणार नाही आणि अपयशाची मुभाही देणार नाही, तर ती सुरीवरच भरवसा ठेवणार. दवाखान्यावर दगड उचलणारा प्रत्येक हात पुढच्या पहिलटकरणीच्या पोटावर एक टाका वाढवतो.

पण थांबा. सिझर कमी म्हणजे सगळं चांगलं, असंही नाही. त्याच पाचव्या फेरीत नागालँडमध्ये सिझर 5.2 टक्के आणि तेलंगणात 60.7. पहिल्या ठिकाणी गरजेच्या बाईलाही मिळत नसणार, दुसऱ्या ठिकाणी बिनगरजेच्या बाईलाही होत असणार. आणि जास्त सिझर म्हणजे जास्त सुरक्षित, हेही खरं नाही. 2018-20 च्या नोंदींनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू तेलंगणात 43 होते, महाराष्ट्रात 33. सिझर शंभरातल्या दहांच्या पुढं गेलं की त्यामुळं आई-बाळांचे मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्येच सांगितलं आहे.

दोन्ही टोकं बघायला नागालँड-तेलंगणाला जायची गरज नाही. माळेगावातच बघा. एका बाजूला बागायतदाराच्या घरात सून, तिच्यासाठी दवाखान्याची खोली महिनाभर आधी ठरलेली. दुसऱ्या बाजूला, साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की कोप्यांवर उतरलेल्या बीडकडच्या ऊसतोड बाया. पहाटे फडात, सातवा महिना लागला तरी तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर, टायरगाडीत ऊस भरून रात्री चुलीपुढं. तिचं कार्ड गावाकडं राहिलेलं. उचल अंगावर, खाडा केला तर मुकादम दंड लावणार. तपासणीची 9 तारीख येते आणि जाते. हिचं लग्न लवकर झालेलं, कारण ऊसतोडीला कोयता नवरा-बायकोच्या जोडीनं लागतो. हिची उंची कमी, अंगात रक्त कमी. सिझरची खरी गरज लागू शकते ती हिला, आणि वेळेवर न मिळण्याची शक्यताही हिचीच जास्त.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, घरी परत सोडणारी गाडी, सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून फुकट आहे. हे तिला कोपीवर जाऊन कुणी सांगायचं? तिच्या कष्टाच्या उसावर गाव उभं आहे. सांगायची जबाबदारी गावाची आणि कारखान्याची.

मोजलं की दिसतं, हे आपण एकदा अनुभवलं आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जातात, ही कुजबुज वर्षानुवर्षं होती. 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं लक्ष घातलं, ब्याऐंशी हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि तेरा हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. मोजेपर्यंत ती कुजबुज होती, मोजल्यावर तो प्रश्न झाला.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. सिझरचा आकडा दवाखान्याच्या दारावर लावा. मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी 2017 मध्ये हीच मागणी घेऊन सह्यांची मोहीम चालवली आणि त्याच वर्षी केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतल्या दवाखान्यांना हा आकडा दर्शनी भागात लावायला सांगितलं गेलं. मग तो बाकीच्या बायकांसाठी का नको? महाराष्ट्रात दवाखान्यांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावावी लागतेच. शेजारी आणखी एक ओळ लिहा: गेल्या वर्षी आमच्याकडं आलेल्या, एक बाळ, डोकं खाली, दिवस भरलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात इतक्या नॉर्मल, इतक्या सिझर. गटवार आकडा असला की अवघड बाया सांभाळणाऱ्या मोठ्या रुग्णालयावर अन्याय होत नाही, आणि साध्या बाळंतपणात घाई करणारा झाकला जात नाही.

माळेगावला आता नगरपंचायत आहे. तिनं ठराव करावा आणि आपल्या बाया जिथं बाळंत होतात त्या बारामती-इंदापूरच्या प्रत्येक दवाखान्याला, सरकारी आणि खासगी, हा आकडा पत्रानं मागावा. कारखान्यानं हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात कोप्यांवरच्या गरोदर बायकांची नोंद करावी, आशाताईंकडून कार्ड करून घ्यावं आणि 9 तारखेला तपासणीसाठी गाडी द्यावी, त्या दिवसाची मजुरी न कापता. सरकारी लेबर रूममध्ये बाईबरोबर तिचं एक माणूस आत घ्यावं. केंद्रानं 2016 मध्येच त्याला परवानगी दिली आहे.

यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही, कुणाच्या हस्ते उद्घाटन लागत नाही. विचारणारी माणसं लागतात. येत्या 9 तारखेला घरातल्या गरोदर बाईबरोबर तपासणीला जा, तिची फाइल काखेत धरा, आणि इथं पहिलटकरणींत शंभरात किती सिझर होतात, हा पहिला प्रश्न तुम्ही विचारा.